कोंबड्यांचं अभयदान

आमच्या मास्तरांना परदेशात धम्म सांगायला जायचं होतं, आणि त्याची तालीम ते परसात करायचे, माझ्या कोंबड्यांसमोर. हातात मूठभर ज्वारी घेऊन उभे राहायचे. कोंबड्या ज्वारीसाठी गोळा व्हायच्या आणि मास्तरांना वाटायचं, सभा भरली. "बंधुभगिनींनो," असं पुस्तकी मराठीत सुरू करायचे. आमच्या देवळी गावात कोणी कोणाला बंधुभगिनी म्हणत नाही. पण मॉरिशस नावाच्या बेटावर मराठी माणसं आहेत आणि ती अशीच बोलत असणार, हे त्यांनी इथं बसूनच ठरवून टाकलं होतं. मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची आणि मनातल्या मनात धुसफुसायची.

मास्तर म्हणजे माझा नवरा, प्रेमदास. शाळेत शिकवायचे म्हणून सारी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची, आणि राग आला की मीही. त्या वर्षी मी त्यांना दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

दीक्षा घेऊन आम्हाला अडीच-तीन वर्षं झाली होती. सासू सीताबाई, लेक सुलोचना, आम्ही दोघं, सगळे नागपूरला जाऊन आलो. घरातले देव नदीत सोडले, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मान वर करून रस्त्यानं चालायला मी त्यानंतरच शिकले. तेव्हा धम्मावर माझा राग नव्हता. राग मास्तरांवर होता आणि तो साधा होता. परदेशी जायचं त्यांनी नागपूरच्या भंतेजींना विचारलं, हेडमास्तरांना विचारलं, आईला विचारलं. मला सांगितलं.

सांगितलं तेही जेवता जेवता. "तीन वर्साचा सवाल हाये, अनुसया. भंतेजी सारं करून देऊन राह्यले." आणि वरणात भाकरी कुस्करू लागले. विचारलं असतं तर मी काही पाय धरून बसवणार नव्हते. त्यांचा पगार बंद होईल, मग सासू, लेक आणि मी काय खाणार, एवढं बोलले असते आणि शेवटी जा म्हटलं असतं. 'जा' हा शब्द मी तयारच ठेवला होता. तो कोणी मागायलाच आलं नाही.

म्हणून मी कोंबड्या वाढवल्या. आधी चार होत्या, त्यांची अंडी उबवून परस भरून टाकलं. हंगामात कापूस वेचायला जायचं आणि बाकी वर्ष अंडी आणि पिल्लं विकून काढायचं, असा माझा हिशेब. पण मास्तरांचं पहिलं शील मध्ये आलं. प्राण्याला मारायचं नाही. अंडी-पिल्लं गिळायला धामण यायची, मी काठी उचलली की मास्तर आडवे.

"तिचा बी जीव हाये."

"मंग पिल्लाचा जीव नाई?"

यावर ते हसायचे. चिडलेल्या माणसाशी हसून बोलायचं, हाही परदेशी जायच्या तयारीतला एक धडा होता, आणि तो ते माझ्यावर गिरवायचे. मुंगसानं पिल्लू नेलं तरी हसू, मी आदळआपट केली तरी हसू. "राग सोडनं शिक जराशी," म्हणायचे. असं वाटायचं की हातातली परात त्या हसण्यावर फेकावी.

एक दिवस मी वेचणीवरून आले तर परसात चिडीचूप. खुराडं उघडं, आत नुसती पिसं आणि वास. सासू ओट्यावर खाली मान घालून बसली होती. मास्तर पेटीत कपडे लावत होते.

"कोंबड्या कोठी हायेत?"

"सोडल्या."

"कोठी?"

"नदीवरच्या बाभूळबनात. अभयदान देल्लं त्याईले. मी धम्म सांगाले चाललो आन् माह्या घरच्या कोंबड्या लोकाईच्या सुरीखाली जाईन, हे बरं दिसते काय?"

मी त्याच पावली नदीवर धावले, सुलोचना माझ्यामागे रडत. हाका मारमारून घसा बसला. अंधार पडेपर्यंत एकही दिसली नाही. सकाळी पुन्हा गेले तेव्हा सगळ्या सापडल्या, म्हणजे त्यांची पिसं सापडली. खुराड्यात वाढलेल्या कोंबड्यांना कोल्हा काय ठाऊक? मास्तरांना तरी ठाऊक असायला हवा होता. ते शाळेत प्राण्यांचा धडा शिकवायचे.

आणि वस्तीत काय, तर मास्तरांचं नाव. मास्तरांनी अभयदान दिलं, मास्तर बोलतात तसे वागतात. बाया मला सांगायला यायच्या की तू भाग्याची. मी त्यांना शेळी दाखवायची. दाराशी शेळी बांधलेली होती, ती सासूची. शेळीसुद्धा सोडायची होती त्यांना, पण आईची म्हणून आईला विचारलं. आई नाही म्हणाली आणि शेळी राहिली. कोंबड्या माझ्या होत्या, मग विचारायचं कोणाला?

पुढच्या आठवड्यात मास्तरांना निरोप द्यायला नागपूरहून भंतेजी आले. सकाळी कडुनिंबाखाली सभा भरली. मास्तर पांढरेशुभ्र कपडे घालून पुढे बसले. भंतेजी शीलं सांगत गेले, लोक मागून म्हणत गेले. पहिलं झालं. दुसरं आलं, न दिलेली वस्तू घ्यायची नाही. साऱ्यांच्या आवाजात मास्तरांचा आवाज मला वेगळा ऐकू आला, खणखणीत. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी उभी राहिले.

"भंतेजी, माह्या कोंबड्या यायनं मले न इचारता नेल्या. मंग हे दुसरं शील कोनासाठी हाये?"

मागे कोणीतरी हसलं. शेजारचे तानबा म्हणाले, "बस व बाई, घरची गोष्ट घरी." मी बसले नाही. भंतेजी हसले नाहीत.

"मास्तर, खरं आहे?"

"घरच्याच होत्या, भंतेजी."

"घरात कोणाच्या?"

मास्तर अंगरख्याची बाही नीट करू लागले. भंतेजी म्हणाले, "तुम्ही एवढ्या लांब जाता, ते बाईंना विचारलं होतं?"

"सांगतलं होतं."

"मी विचारण्याचं म्हणतो आहे."

"आज विचारा," भंतेजी म्हणाले. "मी उद्यापर्यंत तानबांकडे आहे. त्या काय म्हणतात ते मला येऊन सांगा. मग जाण्याचं बघू."

दुपारी मास्तर परसात आले. मी भांडी घासत होते. सासू शेळीला पाला घालत होती. ते माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"जाऊ काय मी?"

इतके महिने या तीन शब्दांची वाट पाहिली होती. वाटलं होतं, ऐकले की माझा राग उतरेल आणि मी जा म्हणेन. राग उतरला नाही. उलट आतापर्यंत मी कसलं 'जा' सांभाळून ठेवलं होतं, याचाच राग आला.

"नाई," मी म्हटलं.

"असं काऊन? जहाजाचं तिकीट निघालं. पेटी भरून ठेवली."

"मंग इचारलं काऊन?"

"भंतेजीनं सांगतलं म्हनून."

मी हात धुतले. मास्तर अंगरखा चढवत होते. "जाऊन सांगतो त्याईले," म्हणाले, "का बायको रागात हाये, पन तिची ना नाई."

हे ते अगदी शांतपणे म्हणाले. खोटं बोलतोय असं त्यांना वाटतसुद्धा नव्हतं. मी नाही म्हटलेलं त्यांच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं. मी पदर खोचला, त्यांच्या आधी दाराबाहेर पडले आणि तानबांच्या घराचा रस्ता धरला.

मागून सासूनं हाक मारली. वाटलं, अडवते आता.

"थांब, मी बी येतो," पाल्याचा हात लुगड्याला पुसत ती म्हणाली. "मले वाटलं, तुले इचारूनच हा माह्यापाशी आला. म्हनून म्या हो म्हटलं होतं. तो हो मले वापस घ्याचा हाये."