डोक्यांची पेटी

लहानपणी मला पेटी हवी होती, वाजवायची. वडिलांनी दोनदा "बघू" म्हटलं, आणि आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे मला सातव्या वर्षीच कळलं होतं. मग मी धाकट्या चौघा भावंडांना जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं बसवलं, प्रत्येकाला एकेक सूर वाटून दिला आणि त्यांच्या डोक्यांवर बोट दाबून वाजवायला लागले. सा माझा, रे, ग, म, प त्यांचे. पुढचे सूर आले की मी हवेत बोट दाबायची आणि सगळे तेवढा वेळ गप्प बसायचे. खोटं नाही सांगत, तशी पेटी मी पुढे कुठेच ऐकली नाही.

त्यातल्या एका भावाचं घरात नावच ग पडलं. त्याचा सूर कायम जरा उतरलेला, टपली मारली तरी चढायचा नाही. पुढे प्लंबर झाला, आजोबा झाला, तरी आमच्यात तो 'ग'च.

दोन महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्द तेवढे फुटत नव्हते. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा. म्हणून भावजय रोज त्याच्यापुढे चित्रांचे पत्ते धरायची, कप, चावी, घड्याळ. आणि हा तोंड फिरवायचा.

रविवारी माझं शिवणाचं दुकान बंद ठेवून त्याच्याकडे गेले, तर तेच चाललेलं. माझं टाळकंच सरकलं. जन्मभर ज्यानं गावाच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या, त्याला कप ओळखायला लावायचा! पत्ते बाजूला ठेवायला सांगून मी त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं. समोर त्याचं टक्कल, आणि माझं बोट शिवशिवायला लागलं. पण भीतीही वाटत होती. यातून काही निघालं नाही, तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून सा दिला. रे परगावी असतो, त्याचाही मीच दिला. मग याच्या डोक्यावर बोट दाबलं. काही नाही. पुन्हा सा, पुन्हा रे, पुन्हा दाबलं. भावजय म्हणाली, "ताई, जाऊ द्या." तिसऱ्यांदा मी पूर्वीसारखं रागानं दाबलं, चांगलं रुतेल असं.

"ग," तो म्हणाला. म्हणाला कसला, गायला. आवाज घोगरा, सूर उतरलेला.

"उतरलाय, वर घे," मी म्हटलं. साठ वर्षं हेच सांगत आलेय. त्यानं पुन्हा दिला, तसाच. मग मी बोट काढून घेतलं.

त्यानं डावा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर बोट दाबलं. माझ्या तोंडून आवाज निघेना. त्यानं आणखी जोरात दाबलं. मग मी सा दिला, आणि तोही उतरलेलाच निघाला.