स्वस्त आहे, पण खोटं बोलत नाही

"या डबड्याच्या घशात काहीतरी अडकलंय. पुन्हा आपला कोंदट आवाज!"

मित्रांनो, हे बोलणारे आमचे बाबा आणि ते डबडं म्हणजे मी. माझ्या स्पीकरला कान लावून ते पुटपुटत होते, त्यामुळे ऐकलंच नाही असं सोंगही मला घेता येईना. मी एक स्वस्तातला सीडी प्लेअर आहे. वय झालंय. झाकणाचं बटण हल्ली जरा जोर लावून दाबावं लागतं, बाकी तब्येत ठणठणीत. पण हे सांगू कसं? दुसऱ्यांचे आवाज पोहोचवण्यात जन्म गेला, स्वतःचा आवाज मला नाही.

कारखान्यातून मी दुकानात आलो तेव्हा इतका हलका होतो, की खोक्यातून काढणारा माणूस म्हणाला, "आत काही आहे ना, की नुसतंच टरफल?" मला खालच्या फळीवर जागा मिळाली. वरच्या फळीवर माझे श्रीमंत भाऊबंद बसलेले, काळेभोर, जडशीळ, निळे दिवे मिरवणारे.

बाबा त्या दुकानात विक्रेते होते. सगळे त्यांना 'कानसेन' म्हणत. "कानसेनांनी वाजवून दिलंय ना? मग डोळे मिटून घ्या," असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत. त्यांची परीक्षा एकच होती. एक ठरलेली सीडी, तिच्यातलं तिसरं गाणं. दुसरं कडवं सुरू होण्याआधी गाणारी बाई अगदी हळूच श्वास घेते. त्या जागी बाबा एक बोट वर करत. श्वास ऐकू आला तर यंत्र पास. "धडामधुडूम कुणीही करतं," ते म्हणायचे, "बाई दमलीये हे जो सांगतो, तो खरा."

वरच्या फळीवरच्या एका बड्या धेंडानं असा गडगडाट केला की काचा थरथरल्या. श्वास मात्र त्यात बुडून गेला. मग माझी पाळी आली. खर्जात माझा जीव बेताचाच, ढोल वाजला तर टेबलावर टिचकी मारल्यासारखा वाटतो. पण तो श्वास मी जसाच्या तसा दिला. बाबांचं वर गेलेलं बोट तिथंच थांबलं. त्यांनी कागदाची एक पट्टी घेतली, त्यावर लिहिलं, 'स्वस्त आहे, पण खोटं बोलत नाही,' आणि ती माझ्या पोटाला चिकटवली. संध्याकाळी त्यांनी मलाच विकत घेतलं.

घरी नवा संसार होता. "एवढे मोठमोठे सोडून हे एवढंसं आणलंत?" आई म्हणाली. श्वासबिस तिला काही ऐकू येईना. बाबांनी तिला शेजारी बसवलं आणि ते कडवं पुन्हा पुन्हा लावलं. अकराव्या खेपेला ती दचकली, "अगंबाई! श्वास घेतेय ही!" त्या दिवशी दूध उतू गेलं आणि कुणी कुणाला बोल लावला नाही.

पुढे लेक झाली. ती माझ्यासमोर नाचली, माझ्यावर चॉकलेटचे हात पुसले, आणि मोठी झाल्यावर सगळी गाणी फोनमध्ये घेऊन फिरायला लागली. मी खिडकीखालच्या स्टुलावर गेलो. अंगावर धूळ बसे, पण सुट्टीच्या सकाळी बाबा ती पुसत, तिसरं गाणं लावत आणि बोट वर करत. मला तेवढं पुष्कळ होतं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बोट वर गेलं आणि बाबांच्या कपाळाला आठी पडली. "नाही आला."

मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं मला उघडलं, वाजवलं, पुन्हा वाजवलं. त्यानं बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. आईनं हळूच मान हलवली, 'नको.'

"लेन्स मळली होती काका," तो म्हणाला आणि स्वच्छ लेन्सवरून कापसाचा बोळा फिरवला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. इथे तर चोरही कुणी नव्हता.

लेकीनं नवा, महागडा प्लेअर आणला. बाबांनी तिसऱ्या मिनिटाला निकाल दिला, "हाही बहिरा." लेकीचा चेहरा उतरला. "पाणी आणते," म्हणून ती आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही. घरातली माणसं मोठ्यानं बोलायला शिकली. दाराची घंटा वाजली की आई उठे आणि म्हणे, "बसा हो, मी उठलेच होते." सगळं मायेपोटीच. बाबा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. लेक काही सांगायची, अर्धं निसटायचं, ते नुसतं हसून मान डोलवायचे. त्यांच्याच घरात ते पाहुण्यासारखे बसू लागले.

म्हणून मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, झाकून ठेवा, हे तर सांगतोच. पण माणसांची दुखणी आमच्या अंगावर ढकलू नका. आम्ही निमूट सोसतो आणि दुखणं असतं तिथंच राहतं.

तर माझ्या स्पीकरला कान लावून पुटपुटले त्या दिवशी बाबा आईला म्हणाले, "देऊन टाक भंगारात. सीड्याही दे कुणाला तरी. श्वासच येत नसेल तर ऐकायचं कशाला?" वायर गुंडाळायला त्यांनी मला उलटं केलं आणि ते थबकले. पट्टी पिवळी पडली होती, पण अक्षर त्यांचंच. त्यांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

मग मला सरळ ठेवलं, वायर लावली, तीच सीडी घातली. तिसरं गाणं. दुसरं कडवं जवळ आलं तसं सवयीनं बोट वर गेलं. मी आजवर दिला तसाच तो श्वास दिला.

"आला का गं?" बाबांनी विचारलं.

दर वेळी आई म्हणायची, "नाही हो, यंत्र जुनं झालंय." आता तिचे ओठ तेच म्हणायला हलले.

"खरं सांग."

आईनं ओले हात पदराला पुसले. ती त्यांच्या शेजारी बसली, पूर्वी ते कडवं अकरा वेळा ऐकताना बसली होती तशी. त्यांचं वर राहिलेलं बोट तिनं मुठीत घेतलं आणि तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं.

"आला. दर वेळी येतो. अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."