स्वेटरचा पिंगळा

मी पिंगळा बोलतोय, घुबडाचा धाकटा भाऊबंद, पण लोकरीचा. भारतीबाईंच्या नवऱ्याचा तपकिरी स्वेटर फाटला, तेव्हा त्याच्या बाहीतून माझा जन्म झाला. पिवळी बटणं हे माझे डोळे आणि पांढऱ्या दोऱ्याचे टाके हे अंगावरचे ठिपके. आत हात घातला की मी मान वळवतो, चोच उघडतो आणि बोलू लागतो.

भारतीबाई खर्ड्याला चौथीचा वर्ग शिकवायच्या. साल असेल चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. तेव्हा पोरांच्या खिशात गलोली असायच्या आणि किल्ल्याच्या तटावर पाखरू सुखानं बसत नसे. बाई कुणावर रागावल्या नाहीत. शनिवारी शाळा सुटायच्या आधी त्या मला हातावर चढवत आणि मी माझ्या घरची गोष्ट सांगे. शेतात उंदीर धरणाऱ्या बापाची, ढोलीत वाट बघणाऱ्या पिलांची. पुढच्या शनिवारी पोरं विचारत, पिलं उडायला लागली का? गलोली कधी थांबल्या, ते माझ्याही ध्यानात आलं नाही.

त्याच वर्गात रुपाली होती. त्या उन्हाळ्यात तिच्या घरची म्हैस पोट फुगून मेली. तिची आजी रंगुबाई हिनं दोष दिला तो परसातल्या चिंचेवरच्या पिंगळ्यांना. तिन्हीसांजेला घरावर बसून ओरडतात, त्यांनीच अवदसा आणली, असं तिचं म्हणणं. रविवारी ढोलीत मिरचीचा धूर करायचा, असं तिनं मुलाला, म्हणजे रुपालीच्या वडिलांना, छगनला बजावलं. ढोलीत पिलं होती.

शनिवारी रुपालीनं हे सगळं बाईंना सांगितलं. मी घरी येते, असं बाई म्हणाल्या. रुपालीनं नकारार्थी मान हलवली. "तुमी आल्यावर आज्जी व्हय व्हय म्हनंल, अन् तुमी गेल्यावर करायचं तेच करील. मला पिंगळा द्या."

बाईंनी मला तिच्या दप्तरात ठेवलं.

रविवारी चिंचेखाली पाचट आणि सुक्या मिरच्यांचा ढीग तयार होता. रंगुबाई ओट्यावर बसली होती. रुपालीनं मला हातात घातलं आणि गोष्ट सुरू केली. मी रंगात आलो. काडेपेटी हातात धरून छगनही ऐकत उभा राहिला.

गोष्ट संपल्यावर रंगुबाईनं माझ्या बटणांकडे रोखून पाहिलं. "समदं खरं. मग माजी म्हस का मेली, त्ये सांग."

माझ्या गोष्टीत त्याचं उत्तर नव्हतं. माझ्या आतली रुपालीची बोटं ताठ झाली. मग तिनं मला काढून मांडीवर ठेवलं आणि स्वतःच्या आवाजात बोलली.

"आज्जी, डाक्टरांनी म्हशीचं पोट फाडलं तवा मी हुते तिथं. आतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघाला. बाजारातून आपनच आनतो, अन् आपनच उकिरड्यावर टाकतो."

छगन खाली बघू लागला. त्यालाही हे ठाऊक होतं. आईला कसं सांगावं, म्हणून तो गप्प राहिला होता. म्हैस रंगुबाईनं रेडकू असल्यापासून वाढवली होती.

"लई हुत्या का?" तिनं हळूच विचारलं.

"व्हय, आज्जी."

तिनं पदरानं डोळे टिपले. "छगन, ती मिरची उचल," ती म्हणाली. "कालवनाला हुईल." मग ती काठी घेऊन उकिरड्याकडे गेली आणि रुतलेल्या पिशव्या एकेक करून उपसू लागली. रुपाली मला तिथंच ओट्यावर ठेवून तिच्या मागं धावली. वर ढोलीतून एक खरं, पिवळ्या डोळ्यांचं तोंड बाहेर आलं आणि माझ्याकडे बघून आत गेलं.

पुढं बाईंची बदली राजूरला झाली, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर आलो. आता माझा रंग विटलाय, एका पंखाला कसर लागलीय, पण आवाज खणखणीत आहे. इथल्या डोंगरातल्या पोरांना मी शनिवारी भेटतो.

तुमच्याही घरी जुना स्वेटर असेल. त्याचं पाखरू करा, पोरांना गोष्टी सांगा. फक्त एक करा: कुणी खरा प्रश्न विचारला, तर आम्हाला बाजूला ठेवा आणि उत्तर तुम्ही स्वतः द्या. आम्हाला त्याचा राग येत नाही.