ऐंशीचा वेग

डिक्टेशन द्यायला वृंदाबाईंना घड्याळ लागत नाही, ही गोष्ट अंबरनाथच्या त्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी तपासणीला समिती आली, तेव्हा प्राचार्यांनी त्या लोकांना मुद्दाम बाईंच्या वर्गात आणलं. "मिनिटाला ऐंशी म्हणजे ऐंशी शब्द. एक कमी नाही, एक जास्त नाही. आमच्या बाईंच्या अंगातच घड्याळ आहे!" बाई वरवर लाजल्या, मनातून फुलल्या, आणि त्या दिवसापासून टेबलावरचं स्टॉपवॉच त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. माणसाचं कौतुक करावं, पण इतकंही करू नये.

बाई तिथे ऑफिस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा दोन वर्षांचा डिप्लोमा शिकवत. पत्रव्यवहार, फायलिंग, सभेचं इतिवृत्त, टायपिंग, आणि या सगळ्यात बाईंचा जीव जिच्यावर, ती मराठी शॉर्टहँड. "आता मोबाइलमध्ये सगळं रेकॉर्ड होतं, शॉर्टहँड कोण घेतं?" असं विचारणारा एक तरी शहाणा दर जूनमध्ये भेटायचाच. बाई त्याच्यापुढे सरकारी नोकरीची जाहिरात धरायच्या. लघुलेखक, वेग ऐंशी. 

यंदा वर्गात अकरा जण होते, आणि त्यांत किर्ती सगळ्यांत पुढे. खरवईची पोर. घरची थोडी शेती, बाकी जमिनीवर इमारती उभ्या राहिलेल्या. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. वडिलांनी दोन वर्षं दिली होती. दोन वर्षांत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बिलं फाडायला बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी लघुलेखकाच्या दोन जागा निघाल्या होत्या. एप्रिलअखेर ऐंशीच्या वेगाचं प्रमाणपत्र दाखवायचं, की काम झालं. परीक्षा फेब्रुवारीत. पुढची थेट ऑगस्टमध्ये. म्हणजे किर्तीला संधी एकच होती, आणि तिला ती पुरेशी वाटत होती. वर्गात तिची एक रेघ चुकत नव्हती.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना, गुरुवारी, मधल्या सुट्टीत ती बाईंच्या टेबलाशी आली. रोजचा उतारा ती मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायची, घरी पुन्हा ऐकून सराव करायला. त्यातला एक शब्द तिला नीट लागत नव्हता. तिने फोन बाईंपुढे ठेवला. शब्द 'अनुषंगाने' निघाला. बाईंनी सांगितलं, आणि सहज त्यांची नजर पडद्यावर गेली. आठ मिनिटं चौदा सेकंद.

"हे एवढं कसं गं?" बाई म्हणाल्या. "उतारा सात मिनिटांचा आहे."

"ते मागचं-पुढचं धरून असेल ना मॅडम," किर्ती म्हणाली. "तुम्ही 'रेडी?' वगैरे म्हणता, जिज्ञासाची पेन्सिल पडते, ते सगळं."

तिला शंकासुद्धा आली नाही. बाईंचा आवाज म्हणजे ऐंशी, हे तिच्या लेखी ठरलेलंच होतं. बाईंनी फोन कानाशी धरला. मागचं-पुढचं काही नव्हतं. पहिल्या सेकंदाला उतारा सुरू होत होता आणि शेवटच्या शब्दावर रेकॉर्डिंग थांबत होतं. पाचशेसाठ शब्द, सव्वाआठ मिनिटं. भागाकार करायला बाईंना कागद लागला नाही. अडुसष्ट.

बाईंनी फोन परत केला. "ठीक आहे, जा," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी बदलापूरला, मांजर्लीच्या फ्लॅटमध्ये, चहासुद्धा न घेता त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. शरदचंद्र कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. वेळ मोजायला सांगितली की खूश होणारे गृहस्थ. बाईंनी डिक्टेशनची वही उघडली. तिच्यात दर वीस शब्दांनंतर एक उभी रेघ मारलेली असते, आणि ऐंशीच्या वेगाने वाचलं तर पंधराव्या सेकंदाला जीभ त्या रेघेवर यायला हवी. बाई वाचू लागल्या. त्यांना तर अगदी नेहमीसारखं वाटत होतं.

"अठरा," शरदचंद्र म्हणाले. मग, "अठरा." मग, "साडेसतरा. वा, सुधारणा आहे!"

"अहो, चेष्टा करू नका."

"बरं, नाही करत. पण वृंदा, तू हल्ली सगळंच सावकाश बोलतेस. मला वाटलं, वयानं प्रेमळ झालीस."

बाई हसल्या नाहीत. गेल्या वर्षी त्यांची नऊ मुलं बसली होती आणि दोन पास झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी आठांतली तीन. दोन्ही वेळा त्यांनी स्टाफरूममध्ये मोबाइलला, रील्सना, या पिढीला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. ती मुलं हात दुखेपर्यंत लिहीत होती आणि बाई त्यांना दोन वर्षं अडुसष्टचा वेग ऐंशी म्हणून विकत होत्या. त्या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

शुक्रवारी स्टॉपवॉच टेबलावर आलं. बाईंनी खऱ्या ऐंशीने वाचायला घेतलं, आणि तिसऱ्या मिनिटाला वर्गातल्या पेन्सिली एकेक करून थांबल्या. धम्मदीपने वहीच मिटली. जिज्ञासा उल्हासनगरची, बोलायला फटकळ, ती म्हणाली, "मॅडम, आज क्या हुआ? ट्रेन पकडायची आहे का?" पोरं हसली. किर्ती हसली नाही. ती शेवटपर्यंत लिहीत राहिली, आणि मग स्वतःच्या वहीकडे बघत बसली. मध्ये मध्ये ओळीच्या ओळी कोऱ्या होत्या. तिचे डोळे भरून आले.

"मला काय झालं मॅडम? माझा हातच चालेना."

आता सांगायचं, हीच वेळ होती. बाईंनी तोंड उघडलंही. आठ दिवसांत अडुसष्टवरून ऐंशीवर कुणी जात नाही, त्याला तीन महिने लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? सांगून पोरांचं उरलंसुरलं बळ जाईल, असं त्यांनी स्वतःला पटवलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे लाज, आणि ती कबूल करायला तीस वर्षांची नोकरी आड येत होती.

"तुला काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "मीच जरा घाईत होते."

शनिवारी त्यांनी पुन्हा जुन्याच चालीने वाचलं. पोरांचे चेहरे खुलले. बाईंना रडू येईल असं वाटलं.

सोमवारी सकाळी किर्ती आईला घेऊन आली. अंजनीबाई पहिल्यांदाच कॉलेजात येत होत्या. वर्गाच्या दारात चपला काढून उभ्या राहिल्या. बाईंनी त्यांना बळेच खुर्चीवर बसवलं.

"मॅडम, एमआयडीसीतल्या कंपनीतून शनिवारी फोन आला," किर्ती म्हणाली. "डिसेंबरमध्ये आपण सगळ्यांनी बायोडेटा पाठवले होते ना, तिथून. ऑफिस असिस्टंट. उद्यापासूनच या म्हणतात. परीक्षेला सुट्टी नाही मिळणार, माल जायची घाई आहे त्यांची. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय."

"पगार बरा हाय," अंजनीबाई म्हणाल्या. "बस नाक्याव येतंय. तिचे बापाचा म्हनना हाय, हातचा सोरू नको. पन ही बोलतंय, मना ठान्याची सरकारी भेटंल. मना यातला काय कलत नाय बाय. मंग मी बोल्ली, मॅडमना इचारू. तुमी सांगाल तसा."

बाईंनी त्या माउलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर इतका निर्धास्त विश्वास होता, की त्यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं. 'कंपनी घ्या.' दोनच शब्द होते. पण पुढे किर्ती 'का?' म्हणून विचारणार, आणि त्या 'का'चं उत्तर द्यायचं बाई चार दिवस टाळत होत्या. 

"मुलगी हुशार आहे तुमची," शेवटी त्या म्हणाल्या. "तिचं... तिला ठरवू द्या."

अंजनीबाईंनी ते होकारासारखं घेतलं. कोणत्याही आईने तसंच घेतलं असतं. "झाला तं मंग," त्या उठल्या आणि त्यांनी बाईंना हात जोडले. किर्तीने कॉरिडॉरमधूनच कंपनीला फोन लावला. तिचं बोलणं बाईंना आत ऐकू येत होतं. आपण आभारी आहोत, आपल्या विचाराबद्दल कंपनीचे धन्यवाद, परंतु काही अपरिहार्य कारणास्तव... नकार कसा कळवावा, हा धडा बाईंनीच शिकवला होता. पोरीने तो बिनचूक म्हटला.

त्यानंतरचे तीन दिवस बाई जागेवर होत्या, एवढंच म्हणता येईल. प्राचार्यांकडे जावं म्हणून एकदा जिन्यापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. प्राचार्य तरी काय करणार होते? परीक्षा सरकारी, तारीख सरकारी, वाचणारी व्यक्ती बाहेरची. कोणाच्या पाया पडलं असतं तरी वेग काही कमी झाला नसता.

परीक्षा शुक्रवारी, उल्हासनगरच्या केंद्रावर. मुलांना पोचवायला आलेल्या शिक्षकांना बाहेरच्या व्हरांड्यात बाकं टाकलेली होती. खिडक्या उघड्या होत्या. वाचायला एक तिशीची मुलगी आली होती. नीटनेटकी, शांत. तिने स्टॉपवॉच सुरू केलं आणि वाचायला लागली. बाईंनी पहिल्या पंधरा सेकंदांचे शब्द मनगटावरच्या घड्याळावर मोजले, बरोबर वीस भरले, आणि त्यांनी डोळे मिटले. ती पोरगी अचूक वाचत होती. ना घाई, ना दमछाक, प्रत्येक शब्द स्वच्छ, आणि वेग ऐंशी. तीस वर्षांपूर्वी बाई अशाच वाचायच्या.

त्यांनी डोळे उघडले. खिडकीतून किर्ती दिसत होती. पहिलं मिनिट तिने धरलं. दुसऱ्या मिनिटाला तिची मान वही सोडून वाचणारीकडे वळली, पुन्हा खाली गेली. मग ती एक वाक्य मागे पडली. मग दोन. सुटलेलं सोडून पुढचं पकडायचं, हे बाईंनी शंभरदा सांगितलेलं. पण हात सवयीच्या चालीने चालत होता आणि शब्द पुढे निघून जात होते. पाचव्या मिनिटाला तिची पेन्सिल नुसती कागदावर टेकलेली राहिली. बाई व्हरांड्यात बाकाची कड धरून बसून राहिल्या. डिक्टेशन सुरू झालं की ते कुणासाठी थांबवत नाहीत. बाईंनी स्वतःसुद्धा कधी थांबवलं नव्हतं.

अकराही जण बाहेर आले, आणि पहिली तोफ जिज्ञासाने डागली. "मॅडम, ये तो चीटिंग है! ती बाई सुसाट वाचत होती. ऐंशी नाही, शंभर होता वो!" धम्मदीप तेच म्हणाला. बाकीचेही तेच. ते बडबडत नळाकडे पाणी प्यायला गेले.

किर्ती थांबली. तिच्या हातात एक कागद होता. रडून झालेलं होतं, पण अक्षर सुबक होतं. प्रति, केंद्रसंचालक. विषय: लघुलेखन परीक्षेत विहित वेगापेक्षा अधिक वेगाने वाचन झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून... समास, परिच्छेद, सगळं जिथल्या तिथे. खाली अकरा नावांसाठी रेघा मारलेल्या, आणि त्यांच्याही खाली, डाव्या कोपऱ्यात: शिफारस, विषय शिक्षिका.

"तुमची सही लागेल मॅडम. तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील. तुम्हाला तर कळलंच असेल ना बाहेरून, किती फास्ट होतं ते."

बाईंनी कागद घेतला. पेन काढलं. आणि मग पेन तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, "तिचं बरोबर होतं, किर्ती. ते ऐंशीच होतं. माझं चुकत होतं. मी तुम्हाला अडुसष्टने वाचत होते. दोन वर्षं."

 किर्तीला वाटलं, मॅडम त्या बाईला पाठीशी घालताहेत. मग बाईंचा चेहरा बघून तिला तसं वाटेनासं झालं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग कधी कळलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. 'आत्ताच, इथे बाहेर बसून ऐकताना,' असं काहीही. पण बाईंना ते आता जमेना.

"मागच्या गुरुवारी."

नळाशी पोरांचा गलका चालला होता. किर्तीने बाईंच्या हातातून अर्ज हळूच काढून घेतला, घडी घातली, आणि घडीवरून नख फिरवलं.

"म्हणजे हा द्यायचा नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बरं." ती दोन पावलं गेली, आणि थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, वर्गात शंका विचारायची तसंच ती म्हणाली, "सोमवारी आई आली होती तुमच्याकडे, मॅडम."