लेसोथोवरची टाचणी

नकाशे छापणाऱ्या कारखान्यात तपासनिसाला पगार मिळतो तो विश्वास न ठेवण्याचा. या गोष्टीतला तपासनीस तो पगार पुरेपूर कमवायचा. ओल्या शाईचा नकाशा भिंगाखाली घ्यायचा आणि कुठली नदी समुद्राला न मिळताच संपली, कुठलं शहर सीमा ओलांडून शेजाऱ्याकडे जाऊन बसलं, ते हुडकून काढायचं. एखाद्या नकाशात काहीच सापडलं नाही की त्याला चैन पडत नसे. "इतकं बरोबर? कुठेतरी पाणी मुरतंय," म्हणत तो पुन्हा उत्तर ध्रुवापासून सुरुवात करायचा, आणि यंत्रापाशी ताटकळलेला छपाईवाला कपाळाला हात लावायचा.

शहरातल्या शाळांची दरवर्षी भूगोलाची प्रश्नमंजूषा व्हायची. तिचे प्रश्न काढायचे आणि मंचावरून विचारायचे, हे काम कित्येक वर्षं याच्याकडेच होतं. त्याची रीत न्यारी होती. कागदावर तो एक अक्षर उतरवत नसे, कारण कागद फुटतो. प्रश्न डोक्यात, आणि घरी त्याच्या खोलीतल्या भिंतीवर जगाचा जो मोठा नकाशा होता त्यावर प्रत्येक प्रश्नाच्या जागी रंगीत डोक्याची एक टाचणी. म्हणजे एकाच खंडात गर्दी झाली किंवा एखादा महासागर कोरडा राहिला तर लगेच दिसतं. टाचण्या कशाच्या, हे त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कारखान्याचं काही काम असेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

सगळे म्हणजे दोघीच. धाकटी बहीण, दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसणारी, आणि तिची मुलगी भिंगरी. नवरा गेल्यावर बहीण लेकीला घेऊन दादाकडे राहायला आली, तेव्हा पोरीने आल्या आल्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल असा काही फिरवला की तो दांडीतून निसटून थेट पलंगाखाली गेला. तेव्हापासून ती भिंगरी. आता ती नववीत होती आणि शाळेच्या संघातही होती. भाची स्पर्धेत आहे, तर प्रश्न दुसऱ्या कुणी काढावेत का, असं तपासनिसाने आयोजकांना विचारून पाहिलं होतं. ते हसत सुटले. "तुमच्यावर संशय? अहो, तुम्ही स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागाल!"

उपांत्य फेरीत भिंगरीने धमाल उडवून दिली. दोन शहरांतून कारभार चालवणारा बोलिव्हिया, चारही गोलार्धांत पाय पसरून बसलेला किरिबाती, सगळं तिच्या जिभेवर. अटाकामाच्या वाळवंटात पाऊस का पडत नाही, हे तिने इतकं छान समजावलं की परीक्षकसुद्धा माना डोलवत राहिले. दुसऱ्या दिवशी छपाईवाला चिंधीला हात पुसत म्हणाला, "प्रश्न काढणारा मामा, उत्तरं देणारी भाची. बरं चाललंय बुवा तुमचं!"

तो गमतीने बोलला होता. पण तपासनिसाच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. इतकं बरोबर?

घरी येऊन त्याने आधी नकाशा गाठला. किरिबातीवरची टाचणी जराशी कलल्यासारखी वाटली. खुर्ची नेहमीपेक्षा भिंतीजवळ वाटली. नकाशाच्या कडेला बोटाचा ठसा होता, तो त्याने भिंग लावून पाहिला. ठसा त्याचाच निघाला, तरी संशय काही ओसरला नाही. दुसऱ्याचा ठसा काय, पुसून टाकता येतो. भिंगरी गाणं गुणगुणत गेली तर हिला एवढा आनंद कसला झालाय, आणि गप्प बसली तर ही गप्प का, असं सुरू झालं. बिचारीने शिंकावं तरी कसं?

त्या घरात संध्याकाळचं जेवण म्हणजे पर्वणी असायची. ताटं वाढली की भिंगरी विचारायची, "मामा, आज कुठे जायचं?" मग मामा पावाचा तुकडा उभा करून त्याचा डोंगर करायचा, वाफाळत्या पेल्याचा ढग करून तो डोंगरावर आपटायचा. डोंगराच्या अलीकडे पाऊस, पलीकडे ठणठणाट. भिंगरी ताटावर ओणवी होऊन बघायची आणि बहीण म्हणायची, "आधी तो डोंगर खाऊन टाका, गार होतोय."

आता तपासनीस खाली मान घालून जेवू लागला.

"मामा, आज कुठे जायचं?"

"कुठे नाही. जेव."

दोन-चारदा असं झाल्यावर तिने विचारणं सोडून दिलं. बहिणीला राहवेना. "दादा, तुझं काही दुखतंय का?"

"नाही."

"मग पोरीशी बोलत का नाहीस? तोंड एवढंसं झालंय तिचं."

"डोक्यात काम आहे."

काम होतंच. सापळ्याचं. त्याला असा देश हवा होता जो शाळेच्या पुस्तकात नाही आणि ज्याचं नावही त्याने घरात कधी काढलेलं नाही. बराच विचार करून त्याने लेसोथो निवडला आणि त्यावर लाल टाचणी टोचली. अंतिम फेरीचे बाकीचे प्रश्न या वेळी नुसते डोक्यात ठेवले. एरवी ओढून घेतलेलं असायचं ते खोलीचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. शेवटचा प्रश्न लेसोथोचा. भिंगरीने घंटी वाजवली की चोरी पकडली. मग तिथेच, भरल्या सभागृहात सांगून टाकायचं आणि तिचा संघ बाद करायचा. सख्खी भाची म्हणून पांघरूण घालायचं नाही.

बहीण हे कधीच विसरणार नाही, लेकीचा हात धरून निघून जाईल, हे त्याला दिसत होतं. आणि या दोघी गेल्या तर त्याला जगात होतं कोण? तरी त्याने टाचणी काढली नाही.

अंतिम फेरीला सभागृह खचाखच भरलं होतं. भिंगरी या वेळी मागच्यासारखी सुसाट नव्हती. तीनदा तर ती ओठ चावत नुसती बसून राहिली. 'टाचण्या नाहीत ना, म्हणून अडतेय,' तपासनिसाने मनाशी नोंद केली. अडखळत का होईना, शेवटच्या प्रश्नापर्यंत दोन्ही संघ बरोबरीत आले.

त्याने घसा साफ केला. "चारही बाजूंनी एकाच देशाने वेढलेला, आणि ज्याची सगळीच्या सगळी जमीन समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा उंच आहे, असा देश कोणता?"

भिंगरीचा हात झटकन घंटीवर गेला. ती घंटी दाबणार तोच तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तिने हात उचलला आणि मांडीवर ठेवून दिला.

पलीकडच्या मुलाने चाचरत घंटी वाजवली. "लेसोथो?"

"बरोबर!" तपासनीस ओरडलाच. त्याचा जीव भांड्यात पडला होता. भाची हरली आणि मामा मंचावर चंद्र उगवल्यासारखा हसतोय, हे बघून लोक एकमेकांकडे पाहू लागले.

घरी चालत जाताना त्याने भिंगरीला आइसक्रीमचा कोन घेऊन दिला, स्वतःलाही घेतला. तोंडाला कुलूप होतं ते निघालं आणि तो अखंड बोलत सुटला. "अगं, लेसोथो नाही आलं तर त्यात एवढं काय? मोठमोठ्यांना येत नाही."

"आलं होतं मला."

तो थांबला. "काय?"

"आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी मला ताप होता ना? मी सारखं ब्लँकेट फेकून देत होते. तेव्हा तू सांगितलंस, एक सगळाच्या सगळा डोंगरावरचा देश आहे, एका मोठ्या देशाच्या पोटात बसलेला. तिथले मेंढपाळ घोड्यावर बसले तरी ब्लँकेट सोडत नाहीत. मग मी गुपचूप घेतलं अंगावर."

तपासनिसाला ती खाट आठवली, तापलेलं कपाळ आठवलं. तिने घंटी वाजवली असती तर त्याने स्वतःच शिकवलेल्या उत्तरासाठी तिला चोर ठरवलं असतं.

"मग वाजवली का नाहीस?"

"टाचणी दिसली होती. वारा सुटला म्हणून आईने मला तुझी खिडकी लावायला पाठवलं. बघते तर बोलिव्हिया, किरिबाती, मागच्या वेळच्या सगळ्या प्रश्नांवर टाचण्या. तेव्हा कुठे कळलं त्या कशाच्या आहेत ते. लगेच बाहेर आले, पण लेसोथोवरची नवी लाल टाचणी दिसायची ती दिसलीच. आधीच दिसलेल्या प्रश्नाचं उत्तर कसं देणार?"

"आणि मागच्या वेळची उत्तरं? ती कुठून आली?"

"मामा!" तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "तुझ्या डोक्यात जे घोळत असतं तेच तू रोज ताटात मांडतोस. या वेळी तू काही बोललाच नाहीस, मग मला कुठून येणार?"

म्हणजे प्रश्न फुटत होते ते त्याच्याच तोंडातून. साऱ्या जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाला ही एक चूक दिसली नव्हती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आइसक्रीम वितळून मनगटावर ओघळत होतं, त्याचंही भान नव्हतं.

"मामा, दार कधीच उघडं नसायचं," भिंगरी हळूच म्हणाली. "ती लाल टाचणी माझ्यासाठीच होती ना?"

थाप मारणं सोपं होतं. "हो," तो म्हणाला.

तिने उरलेला कोन कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि घरापर्यंत त्याच्यापुढे चालत राहिली.

तिने आईला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. ती जेवायला यायची, जेवायची, ताट उचलून उठायची. तपासनिसाने नकाशावरच्या झाडून साऱ्या टाचण्या काढल्या. मग एक दिवस कारखान्यातून सुटल्यावर तो आयोजकांकडे जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने धीर करून पावाचा तुकडा ताटात उभा केला आणि पेला हातात घेतला. बहिणीचा घास हातातच राहिला.

भिंगरीने डोंगराकडे पाहिलं. "हे पुढच्या वर्षीचं आहे का? असेल तर मी उठते."

"नाही. प्रश्न आता दुसरं कुणीतरी काढणार. मी सोडलं ते काम. काल सांगून आलो."

तिने मान वर केली. ओल्या शाईच्या नकाशाकडे तो जसा बघायचा, तशी ती त्याच्याकडे रोखून बघत होती. आजवर तिने मामाचा एकही शब्द असा पारखून घेतला नव्हता.

"खरंच?"

"खरंच. हवं तर विचार आयोजकांना."

"विचारीन," भिंगरी म्हणाली, आणि हात पुढे करून तिने डोंगराचा तुकडा मोडून घेतला.