लंगडा आर

डोरीन क्लेग मंगळवारी सकाळी माझ्या दारात आली, पण उजवा हात काही कोटाच्या खिशातून बाहेर काढेना. तिचे वडील अर्नी शनिवारी गेले होते आणि शुक्रवारी त्यांची अंत्ययात्रा होती. मला वाटलं, नंतर लोकांना द्यायच्या चहा-फराळाला हॅम किती लागेल ते विचारायला आली असेल. आमच्या हॅडनशॉ गावात माणूस गेला की पहिली काळजी हॅमचीच असते. मी तिला आत घेतलं, कामाच्या टेबलावरची, दुरुस्तीला आलेली पोचे पडलेली दोन ट्रॉम्बोन बाजूला सारली आणि किटली ठेवली.

मग तिनं मूठ उघडली. आत कॉर्नेटचा, म्हणजे बँडमधल्या आखूड तुतारीचा, माउथपीस होता, ओठ टेकवून फुंकायचा, चांदीचा मुलामा दिलेला.

"बाबांच्या तंबाखूच्या डब्यात तळाशी सापडला," ती म्हणाली. "एनिड, हा तोच आहे का, एवढंच सांग. माझं मन राखायला म्हणून काहीबाही सांगू नकोस."

'तोच' म्हणजे कुठला, हे हॅडनशॉत कोणाला विचारावं लागत नाही. आमच्या बँडमध्ये वाद्य बँडचं असतं, सोडून जाणारा ते कपाटात परत ठेवून जातो. माउथपीस मात्र ज्याचा त्याचा. तो खिशात बाळगायचा, हाताच्या उबेत, कारण गार माउथपीसवर पहिला सूर हमखास खाली लागतो. जोसाया बकली हा आमचा सगळ्यात मोठा कॉर्नेटवाला. एकोणपन्नास साली मरताना त्यानं आपला माउथपीस बँडला दिला. तेव्हापासून व्हिटच्या शुक्रवारी, सगळे बँड गावोगाव वाजवत फिरतात त्या दिवशी, आमचा पहिला कॉर्नेटवाला त्यावरच प्रार्थनागीत वाजवायचा. एकसष्ट सालच्या व्हिटच्या शुक्रवारी आमच्या चॅपेलपाशी, गावातल्या प्रार्थनाघरापाशी, वाजवून झाल्यावर तो नाहीसा झाला.

अर्नी तेव्हा दुसरा कॉर्नेटवाला होता. पहिली खुर्ची त्याला मिळायची ती विल्फ्रेड स्टॉटला मिळाली होती आणि ते अर्नीला लागलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर त्याला कोणी चोर म्हटलं नाही. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. फक्त तो खोलीत शिरला की बोलणी थांबायची आणि लोक आपापले कोट उचलून मांडीवर घ्यायचे. ऑगस्टमध्ये त्यानं कॉर्नेट कपाटात ठेवलं आणि त्यानंतर सदतीस वर्षं कुठलंच वाद्य ओठाला लावलं नाही.

डोरीन आदल्या दिवशीच हडर्सफील्डला जाऊन आली होती. तिथल्या जुन्या वाद्यांच्या दुकानदारानं भिंगातून छाप वाचला, जुने माउथपीस जमवणाऱ्या लोकांची एक छापील पुस्तिका असते ती काढली आणि ओळीवर बोट ठेवलं. हॅलिवेल अँड सन्स, क्रॉफ्ट स्ट्रीट, मँचेस्टर. खाली मापाचा आकडा दोन. 'क्रॉफ्ट'मधल्या आर अक्षराचा पाय तुटलेला, म्हणजे छत्तीस ते अडतीस साल, शंकाच नको. कारखाना अडतीसमध्ये क्रॉफ्ट स्ट्रीट सोडून गेला, आणि त्याच गडबडीच्या दिवसांत छाप मारायच्या ठशाला मार बसला असावा, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आणि बकलीनं आपला माउथपीस नवा घेतला तो सदतीसमध्ये. हॅलिवेल, क्रॉफ्ट स्ट्रीट, आकडा दोन, असं बँडच्या वहीतही होतं.

"उद्या संध्याकाळी सराव आहे," डोरीन म्हणाली. "मी जाऊन हा त्यांच्या टेबलावर ठेवणार आणि शुक्रवारी येऊ नका म्हणून सांगणार. चोराच्या मागून त्यांनी का वाजवावं? पण बँडनं कबरीपर्यंत पोचवावं, एवढी एकच गोष्ट बाबांनी मागितली होती गं."

मी माउथपीस हातात घेतला. हॅलिवेलकडे मी एकवीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी छाप मारायच्या टेबलावर. क्रॉफ्ट स्ट्रीटचा ठसा कारखाना हलल्यावरही चालूच होता, हे मला माहीत होतं. नव्या पत्त्याचा ठसा कॉर्नेटांना मारायचे, माउथपीससारख्या चिल्लर वस्तूला जुना चालायचा. तेव्हा पत्त्यावरून काहीच ठरत नव्हतं, ठरणार होतं ते आरवरून. दुकानदारानं तो नीट पाहिला असेल की नाही, कुणास ठाऊक. भिंग डोळ्याला लावताना मला खरंच भीती वाटली.

आर एका पायावर उभा होता. दुसरा गुडघ्याखाली गायब. मी इतका मोठा श्वास सोडला की भिंगावर वाफ धरली.

"हा तो नाही," मी म्हणाले.

"मन राखू नकोस म्हटलं ना."

"कुणाचं मन राखतेय मी? अगं, हा पाय मी तोडलाय."

मग सांगावंच लागलं. सत्तावन्नच्या जानेवारीत मी कामाला लागले, सोळा वर्षांची. ऑग्डन नावाचे फोरमन होते, आणि तो ठसा त्यांच्या वडिलांनी हातानं कोरलेला होता. रोज संध्याकाळी ते तो तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवायचे, लेकराला निजवावं तसा. नोव्हेंबरमध्ये एका दुपारी माझे हात तेलकट होते आणि ठसा निसटून फरशीवर पडला. आवाज झाला, पण लेथच्या खडखडाटात कोणाला ऐकू गेला नाही. मी उचलला, फडक्यानं पुसला आणि काम पुढे चालू ठेवलं. महिन्याभरानं ऑग्डनना लंगडा आर दिसला. ठसा म्हातारा झाला, असं म्हणून ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मी वर मान केली नाही. पुढे ती पुस्तिका निघाली, तिच्यात माझा गुन्हा अडतीस सालावर ढकललेला वाचला आणि म्हटलं, बरंच झालं, सुटले.

डोरीन माझ्याकडे बघतच राहिली. विश्वास ठेवावासा तिला वाटत होता, म्हणूनच धीर होत नव्हता.

मी कपाटातून माझा डबा आणला. हॅलिवेलकडे रीत होती, पहिला स्वतः छापलेला माउथपीस ज्यानं छापला त्यानं ठेवायचा, आणि आतल्या बाजूला आपली आद्याक्षरं आणि महिना कोरायचा. माझ्या माउथपीसवर मार्च सत्तावन्न होतं. पत्ता तोच, क्रॉफ्ट स्ट्रीट. आर दोन्ही पायांवर ठणठणीत. सत्तावन्नच्या मार्चमध्ये ज्या ठशाचा पाय शाबूत होता, त्यानं सदतीसमध्ये लंगडा आर छापला कसा?

तिनं दोन्ही माउथपीस भिंगाखाली धरले, एकदा हा, एकदा तो. मग खुर्चीत मागे टेकली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली, आणि हसता हसता रडू फुटलं. मीही रडले, उगाच कशाला लपवू. चहा निवून गेला.

मग मी तिला माउथपीसची कडा दाखवली. बोटांनी नाही, ओठांनी झिजते ती जागा. मुलामा नव्यासारखा होता, एकदाही फुंकलेला नव्हता.

"आई त्यांच्या मागे लागायची," डोरीन सावकाश म्हणाली. "तसलाच एक विकत आणून टाक त्यांच्या टेबलावर, आणि मोकळा हो. बाबा म्हणायचे, दिला तर मीच चोरला होता असं होईल."

म्हणजे आणला होता. दिला मात्र नाही.

आता हे बँडपुढे सांगायचं होतं, आणि ते डोरीनच्या तोंडून कोणाला पटलं नसतं. मी बुधवारी तिच्याबरोबर गेले. सत्तावन्न वर्षांची बाई मी, ऑग्डनना जाऊन तीस वर्षं झालेली, तरी बँडच्या खोलीचा जिना चढताना मी पुन्हा सोळा वर्षांची होते. विल्फ्रेड स्टॉट आता बँडचे चिटणीस. शहात्तरीचे, नव्या कवळीचे, आणि ती पुस्तिका पाठ असलेले. मी सगळं सांगितलं, फरशीसकट. मागून एक ट्यूबावाला म्हणाला, म्हणजे आमच्या आरचा पाय एनिडनं मोडला होय. सगळे हसले, आणि मला एवढं हलकं वाटलं की मीही हसले.

स्टॉट हसले नाहीत. त्यांनी दोन्ही माउथपीस भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहिले. मग ते खाली ठेवले, पुस्तिका मिटली, आणि आमच्याकडे न बघता बोलायला लागले.

"चॅपेलच्या भिंतीवर ठेवला होता मी. एका हातात कॉर्नेट, दुसऱ्यात बिअर घ्यायची होती म्हणून. बँडची बस पुढच्या गावाला पोचल्यावर आठवलं. परत आलो तर नव्हता." त्यांनी पुस्तिका बाजूला सारली. "अर्नीचं नाव मी घेतलं नव्हतं. लोकांनी घेतलं तेव्हा नाही म्हणालो नाही, एवढंच."

"एवढंच," मी म्हणाले.

मला वाटलं, डोरीन आता त्यांच्या अंगावर धावून जाईल. पण ती खुर्चीत बसली, आणि तिचा चेहरा इतका मोकळा मी लहानपणापासून पाहिला नव्हता.

"त्या भिंतीसमोर रस्त्यापलीकडच्या फुटपाथनं जायचे बाबा, मिस्टर स्टॉट," ती म्हणाली. "सदतीस वर्षं. तिच्या बाजूनं कधी गेले नाहीत. मला वाटायचं, त्यांना देवाचा राग आलाय." मग उठता उठता, "शुक्रवारी हे चॅपेलच्या दारात सांगा. सगळ्यांसमोर. बाबा आत जायच्या आधी."

त्यांनी सांगितलं. टोपी हातात धरून, कवळीतून शब्द निसटत होते तरी एकही शब्द गाळला नाही. शवपेटी त्यांच्या शेजारीच खांद्यांवर थांबलेली होती. त्या दिवशी कोणी कोट जवळ ओढला नाही.

फेब्रुवारीचा तो शुक्रवार, टेकडीवरून वारा इतका गार येत होता की वाद्यांची दाबायची बटणं अडकत होती. प्रार्थना चालू असेपर्यंत डोरीनचा उजवा हात पुन्हा खिशातच होता. कबरीपाशी आल्यावर ती बँडच्या रांगेतून सरळ आमच्या पहिल्या कॉर्नेटवालीकडे गेली. त्या पोरीनं न विचारता आपला माउथपीस काढून खिशात टाकला. डोरीननं मूठ उघडली.

"गरम आहे," ती म्हणाली.

पहिला सूर बरोबर जागेवर लागला.