खडूचा ठिपका

कारखान्यात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. गोळी-औषधाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. मशीनवरून उतरलेला प्रत्येक रोल ते बोटाच्या पेरानं ठोकून बघत, म्हणून डॉक्टर. कापड विणलेलं नसे. तंतू दाबून केलेलं, मास्कला आणि पिशव्यांना लागणारं नॉनवोव्हन. माणसाच्या उंचीचा मोठा रोल मशीनवर चढायचा, गोल पात्यांखाली त्याच्या पट्ट्या व्हायच्या आणि पुढं त्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळल्या जायच्या. ताण बरोबर असला की छोटा रोल ‘टक्’ बोले. सैल असला की ‘भप्प’. सैल रोल दिसायला गुणी, पण गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत त्याचे थर सरकून मधला भाग बाहेर येई.

पॅकिंगला त्यांचीच बायको होती. एकही पुस्तक न उघडता ती डॉक्टरीणबाई झाली होती आणि या पदवीचं तिला हसू येई.

आता खरी गोष्ट अशी की वर्षभरापासून डॉक्टरांना टकही ऐकू येत नव्हतं आणि भप्पही. तरी ते ठोकत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी काही बोललं की मान हलवून “हो, हो” म्हणायचं. बायकोनं मीठ सांगितलं तर पीठ घेऊन आले. “बरं झालं, तेही संपलंच होतं,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांना आणलेली पिशवी तशीच बांधलेली आणि पिठाचा डबा आधीचाच काठोकाठ भरलेला दिसला. साहेबांना कळलं तर मशीन जाईल, फाटकावर बसवतील, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळे. तीस वर्षं एका मशीनवर काढलेल्या माणसाला त्या मशीनशिवाय आपण कोण, हेच ठाऊक नव्हतं. त्याची त्यांना भीती वाटे.

मंगळवारी चिकटपट्टी शोधताना पॅकिंगच्या टेबलामागे त्यांना प्लास्टिकखाली झाकलेले चार रोल सापडले. प्रत्येकाच्या नळीवर खडूचा बारीक ठिपका. त्यांनी नळीवर अंगठा रेटून पाहिलं; चालत्या मशीनवर प्रत्येक रोल असा तपासायला सवड नसे. चारही सैल, आणि चारही त्यांनीच पास केलेले.

जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबली. बायको त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. त्या कानानं थोडं तरी ऐकू येतं, आणि ती हल्ली कायम तिथंच बसते, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

“हे ठिपके तुझे?”

“हो.”

“कधीपासून?”

“पीठ आणलंत तेव्हापासून. दुसऱ्या पाळीतले भाऊजी परत गुंडाळून देतात.”

“त्याला काय सांगितलंस?”

“माझ्या हातून पडले म्हणून. वेंधळी म्हणतात मला. म्हणू देत.”

डॉक्टरांना रागवायचं होतं, पण त्यांनी घास परत डब्यात ठेवला. “उद्या गिऱ्हाइकाचा माणूस येतोय,” ते कसेबसे म्हणाले. “त्यांच्याकडे सैल रोल गेला. साहेब माझ्याकडून त्याच्यासमोर तपासून घेणार.”

“मी दोन दिवस तापानं घरी होते, तेव्हाचा असेल.”

“पण तुला कसं कळतं? तू तर कानात कापूस घालून असतेस.”

“कानानं कोण बघतंय? उचला तो रोल. असा नाही, कडेवर घ्या.” तिनं रोल त्यांच्या कमरेवर ठेवला. “झोपलेलं लेकरू कसं ढिलं पडतं? तसा सैल रोल. जागं लेकरू अंग धरून असतं. आपल्या दोन्ही लेकरांना सांभाळलंयत ना तुम्ही?”

सांभाळलं होतं. सुट्टी संपेपर्यंत डॉक्टर एक सैल, एक पक्का असे रोल कडेवर घेत राहिले. चौथ्याला फरक कळला, तसे हसले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नऊ रोल मांडले होते. डॉक्टरांनी एकही ठोकला नाही. एकेक कडेवर घेतला आणि तिसरा नि सातवा बाजूला ठेवला. साहेबांनी दोन्हींच्या नळीवर अंगठा रेटला. दोन्ही सरकले. बाकीचे सात जागचे हलले नाहीत.

गिऱ्हाइकाचा माणूस खूश झाला. साहेबांनी जवळ येऊन विचारलं, “डॉक्टर, ठोकायचं सोडलंत?”

आता नुसतं “हो, हो” म्हटलं असतं तरी भागलं असतं. डॉक्टरांनी पॅकिंगच्या टेबलाकडे पाहिलं. ती खाली बघून पेटी चिकटवत होती.

“ऐकू येत नाही, साहेब. वर्ष झालं. सैल रोल ही अडवत होती, माझं नाव जाऊ नये म्हणून. खरी डॉक्टर ही. मी कंपाउंडर.”

साहेब त्यांच्या कानाजवळ वाकून मोठ्यानं म्हणाले, “कान दाखवून घ्या. आणि कंपाउंडर, मशीन सुरू करा, खोळंबा होतोय. रोल दोघांनी मिळून बघायचे.”

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले. वाटेत ती काहीतरी बोलली. डॉक्टरांची मान सवयीनं हलू लागली होती; ती त्यांनी थांबवली.

“ऐकू आलं नाही गं,” ते म्हणाले. “परत सांग.”

वर्षभरात पहिल्यांदा. पदरानं नाक पुसून ती त्यांच्या उजव्या बाजूला आली.

“मीठ,” ती म्हणाली. “मीठ आणायचंय.”